पक्षाघात: पहिल्या मिनिटापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत काय आणि केव्हा करावे

पक्षाघातावर गेल्या तीस वर्षांत झालेले महत्त्वाचे संशोधन सलग वाचले, तर उपायांइतकीच त्यांची वेळ ठळक होत जाते. रक्तदाबाची जी गोळी रुग्णाला पुढे आयुष्यभर घ्यायची असते, तीच झटक्याच्या पहिल्या तासात घरी दिली तर मेंदूचे नुकसान वाढू शकते. ॲस्पिरिन हे सीटी स्कॅन झाल्यावर औषध असते आणि त्याआधी अंधारात मारलेला दगड. रुग्णाला उठवून चालवणे चौथ्या दिवशी हवे असते, पण पहिल्या चोवीस तासांत त्याचा अतिरेक नको असतो. म्हणून पुढचे सर्व विवेचन वेळेच्या क्रमाने केले आहे आणि त्याची सुरुवात घरात सगळे ठणठणीत असतानापासून होते.

आधी एक भेद मनात पक्का करावा. मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडते, किंवा ती फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. पहिला प्रकार बराच जास्त आढळतो, दहांपैकी साधारण आठ रुग्णांत. पण बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. वाकडा झालेला चेहरा, लुळा पडलेला हात आणि अडखळणारी जीभ पाहून आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे मुरलेल्या डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. ते सीटी स्कॅनच सांगते. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत, कारण एकात रक्त वाहते करायचे असते आणि दुसऱ्यात ते थांबवायचे असते. घरी काय करू नये याची बहुतेक कारणे या एकाच अडचणीतून निघतात.

आजच ठरवून ठेवावे: न्यायचे कुठे

कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत मोठा दवाखाना म्हणजे कोल्हापूर शहर असे गृहीत धरलेले असते. करवीर, कागल, पन्हाळा, राधानगरी या तालुक्यांसाठी ते बरोबरही आहे. पण चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब पडते आणि बेळगाव त्याच्या निम्म्याहूनही जवळ. जयसिंगपूरकरांना तर मिरज अगदी शेजारी आहे. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारे ५५ किलोमीटर असले, तरी पावसाळ्यात त्या रस्त्यावर पाणी येऊन वाहतूक थांबणे कुणाला नवीन नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद झाला होता. म्हणजे रुग्णालय निवडताना अंतराबरोबर महिनाही पाहावा लागतो, आणि पुराच्या दिवसांसाठी दुसरे नाव आधीच ठरवून ठेवावे लागते.

निवडलेल्या रुग्णालयाला एखाद्या निवांत दिवशी फोन करून तीन प्रश्न विचारावेत. रात्री दोन वाजताही सीटी स्कॅन होतो का? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथे दिले जाते का? आणि मांडीच्या किंवा मनगटाच्या वाहिनीतून नळी घालून मेंदूतली गुठळी काढण्याची सोय आहे का, नसल्यास असा रुग्ण ते कुठे पाठवतात? शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीपीआर, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. खासगी रुग्णालयांतली सोय आणि तज्ज्ञ काळानुसार बदलतात. त्यामुळे पाहुण्यारावळ्यांच्या ऐकीव माहितीवर विसंबू नये. मिळालेली उत्तरे, १०८ हा क्रमांक आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या चालू गोळ्यांची यादी एका कागदावर लिहून तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. यादीत रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती ठळक लिहावी, कारण उपचाराचा निर्णय तिच्यावर अवलंबून असतो. रेशनकार्ड आणि आधारकार्डही एकत्र ठेवावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राशी, म्हणजे योजनेच्या तिथल्या मदतनिसाशी, बोलताना ती लागतात.

ओळखावे कसे

पक्षाघाताची खरी खूण म्हणजे त्याचे अचानकपण. चूळ भरताना पाणी ओठांच्या एकाच कोपऱ्यातून ओघळते, एका पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि चालणाऱ्याला ते कळतही नाही, किंवा भाकरीचा घास एका गालात तसाच पडून राहतो. असे काही दिसताच माणसाला समोर बसवून तीन गोष्टी कराव्यात. हसायला सांगून ओठाची एक बाजू खाली राहते का ते पाहावे. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगावे आणि एक हात हळूहळू खाली येतो का हे दहापर्यंत मोजत पाहावे. 'पंचगंगेला पाणी आलं' असे एखादे सोपे वाक्य म्हणायला लावून जीभ जड झाली आहे का, शब्द चुकतात का, की आपले बोलणेच त्याला समजत नाही, हे तपासावे. याखेरीज अचानक तोल जाणे, एका डोळ्याने किंवा एका बाजूचे दिसेनासे होणे, एकाएकी दोन-दोन दिसू लागणे आणि पूर्वी कधी झाली नव्हती अशी भयंकर डोकेदुखी, यांतले काहीही पुरेसे आहे. सगळी लक्षणे एकत्र दिसण्याची वाट पाहू नये.

यात बहुतेकदा दुखत काहीच नाही, आणि तिथेच घात होतो. छातीत कळ आली तर घर जागे होते; हात जड झाला तर माणूस 'जरा पडतो, बरं वाटंल' म्हणून अंथरुणावर जातो. मोठी वाहिनी बंद पडलेल्या सर्वसाधारण पक्षाघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ मध्ये मांडला गेला. तो माहीत असलेल्या घरात 'जरा पडतो' हे उत्तर कुणी चालवून घेणार नाही.

लक्षणे पंधरा-वीस मिनिटांत आपोआप गेली, तरी निघालेली गाडी परत फिरवू नये. असा तात्पुरता झटका ही पुढच्या मोठ्या झटक्याची सूचना असते आणि धोका पहिल्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. ऑक्सफर्डमधल्या २००७ च्या एका अभ्यासात अशा रुग्णांना तातडीने तपासून लगेच औषधे सुरू केल्यावर तीन महिन्यांत पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले होते. सोमवारी ओपीडीत दाखवू, हा विचार इथे महागात पडतो.

आणखी एक माहिती घरातूनच न्यावी लागते: रुग्ण पूर्णपणे ठीक असलेला शेवटी कधी दिसला. झटका कधी लक्षात आला ही वेळ त्याहून वेगळी असते. पहाटे पाचला डेअरीला दूध घालून आलेला माणूस सातला न्याहारीच्या वेळी बोलताना अडखळत असेल, तर डॉक्टरांना दोन्ही वेळा सांगाव्यात. घड्याळ पाहिले नसेल तर डेअरीची वेळ, एसटीची वेळ, टीव्हीवरची मालिका, कोणत्याही आधाराने ती ठरवावी आणि कागदावर लिहावी.

गाडी येईपर्यंत

१०८ ला फोन करताना 'पक्षाघाताचा संशय आहे' असे स्पष्ट शब्दांत सांगावे. गाडी मिळायला उशीर दिसत असेल तर उपलब्ध वाहनाने निघावे, पण ठरवलेल्या रुग्णालयाला वाटेतून फोन जरूर करावा; आधी कळले तर सीटी स्कॅनची खोली मोकळी ठेवता येते. रुग्णाला गुंगी येत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर झोपवावे आणि कवळी असल्यास काढून ठेवावी. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासावी, कारण साखर फार खाली गेल्यावरही पक्षाघातासारखीच लक्षणे दिसतात. आकडा कमी आला तर १०८ च्या डॉक्टरांना लगेच सांगावे. यापलीकडे घरी करण्यासारखे काही नसते.

न करण्यासारखे मात्र पुष्कळ असते. त्यात पहिला क्रमांक रक्तदाबाच्या गोळीचा. झटक्यात रक्तदाब १८० किंवा २०० दिसला की घरचे घाबरतात आणि जिभेखाली गोळी ठेवायचा सल्ला कुणीतरी देतोच. पण वाहिनी बंद पडली असेल तर वाढलेला दाब हा आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांतून तहानलेल्या भागाला रक्त पोचवण्याचा शरीराचाच प्रयत्न असतो. तो एकदम खाली आणला तर तेवढाही पुरवठा तुटतो. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चीनमधल्या 'इंटरॅक्ट-४' या चाचणीने हे रुग्णवाहिकेतच तपासले. २४०४ रुग्णांपैकी निम्म्यांचा रक्तदाब वाटेतच औषधाने कमी केला गेला. सर्वांचा मिळून विचार केला तर फरक दिसला नाही. पण प्रकार वेगळे करून पाहिल्यावर ज्यांना रक्तस्राव झाला होता त्यांचा फायदा झाला आणि ज्यांच्यात गुठळी होती त्यांचे नुकसान. घरी किंवा गाडीत हा प्रकार ओळखता येत नसल्यामुळे गोळीचा निर्णय सीटी स्कॅननंतरच व्हायला हवा. ॲस्पिरिनलाही हाच न्याय लागू होतो.

पाणी, चहा, साखरपाणी, ग्लुकोज, काहीही तोंडावाटे देऊ नये, कारण गिळण्याचे स्नायू दुर्बळ झाले असतील तर ते फुप्फुसात उतरते. बोटांच्या टोकांना सुई टोचून रक्त काढण्याचा जो संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे, त्याला कसलाही आधार नाही. अंगावरून वारं गेलंय म्हणून कबुतराचे रक्त चोळणे, किंवा गावठी औषधासाठी पलीकडच्या गावाला आधी नेणे, यात जाणारे दोन-तीन तास पुढे कुठल्याही पैशाने परत मिळत नाहीत. श्रद्धेवर टीका करण्याचा हेतू नाही. ज्याला नंतर जायचे आहे त्याने खुशाल जावे, आधी मात्र स्कॅन करून घ्यावा.

रुग्णालयात पोचल्यावर: सहीचा क्षण

रक्तस्राव नाही असे सीटी स्कॅनमध्ये दिसले आणि रुग्ण वेळेत आलेला असला, तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा विचार होतो. अमेरिकेतल्या १९९५ च्या चाचणीने अल्टेप्लेज हे औषध तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी पडते असे दाखवले. २००८ च्या युरोपीय चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. मर्यादा साडेचार तासांची असली तरी परिणाम सर्व वेळ सारखा नसतो. जितके लवकर तितका लाभ अधिक. अलीकडचा बदल औषधाचा आहे. अल्टेप्लेजचा पहिला अंश एकदम देऊन उरलेले औषध तासभर सलाइनवाटे सोडावे लागते, तर टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनमध्ये काही सेकंदांत देऊन होते. कॅनडातल्या २०२२ च्या मोठ्या चाचणीत ते अल्टेप्लेजपेक्षा कमी पडले नाही आणि भारतातही ते वापरात आहे. एका गावी इंजेक्शन देऊन रुग्ण पुढच्या शहरी पाठवायचा असेल, तर धावत्या गाडीत तासभर पंप सांभाळण्याची गरज उरत नाही. गडहिंग्लज-आजऱ्याच्या बाजूच्या रुग्णांना ही सोय केवढी मोठी आहे, हे वेगळे सांगायला नको.

इथे संमतीची सही लागते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त टाळता येण्याजोगा उशीर याच ठिकाणी होतो. 'थोरले दादा पुण्याहून निघालेत, ते आले की ठरवू' हे वाक्य रुग्णालयांच्या बाकांवर नेहमी ऐकू येते. दादांना फोनवर घ्यावे आणि डॉक्टरांशी तिथेच बोलून द्यावे. धोका लपवण्यासारखा नाही: १९९५ च्या त्या चाचणीत इंजेक्शन दिलेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना लक्षणे दिसण्याइतका मेंदूतला रक्तस्राव झाला, न दिलेल्यांत तो ०.६ टक्के होता. तरीही तीन महिन्यांनी, अपंगत्व अजिबात न उरलेल्यांचे किंवा नाममात्र उरलेल्यांचे प्रमाण इंजेक्शन घेतलेल्यांतच जास्त होते. हे दोन्ही आकडे मनाशी तोलून सही करावी किंवा नाकारावी, पण लांबवू नये.

मोठी वाहिनी बंद असेल तर केवळ इंजेक्शनवर भागत नाही. २०१५ मध्ये एकामागून एक पाच चाचण्यांनी नळीवाटे गुठळी ओढून काढण्याचा फायदा सिद्ध केला. त्यांतल्या नेदरलँड्समधल्या पहिल्या चाचणीत तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू शकणारे रुग्ण १९ टक्क्यांवरून सुमारे ३३ टक्क्यांवर गेले. २०१८ मध्ये पुढची दारे उघडली: मेंदूच्या विशेष स्कॅनमध्ये वाचवता येण्याजोगा भाग शिल्लक दिसला, तर निवडक रुग्णांत ही प्रक्रिया चोवीस तासांपर्यंत उपयोगी पडते, हे 'डॉन' चाचणीने दाखवले. त्याच वर्षी एका युरोपीय चाचणीने, झोपेतच झटका आल्यामुळे वेळ ठाऊक नसलेल्यांना एमआरआयच्या आधारे इंजेक्शन देता येते हे सिद्ध केले. म्हणून 'सकाळी उठल्यावरच कळलं, आता उशीर झाला' असे घरीच ठरवून टाकू नये. उलट टोकाची अपेक्षाही बरी नव्हे. मध्यम आणि बारीक वाहिन्यांतली गुठळी अशी काढून विशेष लाभ होत नाही, असे २०२५ मधल्या दोन चाचण्यांत दिसले. त्यामुळे डॉक्टर ही प्रक्रिया नको म्हणाले, तर ते टाळाटाळच करत आहेत असे समजू नये.

रक्तस्रावाच्या रुग्णांबाबत 'आता देवाच्या हाती' अशी निराशा पूर्वी असायची. २०२३ च्या 'इंटरॅक्ट-३' चाचणीत भारतासह दहा देशांतल्या सात हजारांहून अधिक रुग्णांत रक्तदाब वेगाने १४० च्या खाली आणणे, साखर आणि ताप काबूत ठेवणे आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणे, हे सगळे एकत्र केले गेले. यासाठी कोणतेही दुर्मीळ यंत्र लागत नाही, तरीही रुग्णांची अवस्था सहा महिन्यांनी अधिक चांगली आढळली. प्रकार कळण्याआधी घातक ठरू शकणारी तीच रक्तदाबाची औषधे इथे स्कॅननंतर जीवनदायी ठरतात.

पहिले काही दिवस

भेटीला येणारा प्रत्येक जण शहाळे किंवा घरचे सूप घेऊन येतो. गिळण्याची तपासणी होईपर्यंत यांतले काहीही पाजू नये. तपासणी साधी असते: रुग्णाला ताठ बसवून चमच्याने थोडेसे पाणी देतात, गिळताना कंठ वर उचलला जातो का ते बोटांनी पाहतात, आणि नंतर ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का, हे ऐकतात. ही झाली आहे का, असे परिचारिकेला विचारण्यात संकोच बाळगू नये. ताप, साखर आणि गिळणे या तीनच बाबी नियमाने सांभाळल्याने मृत्यू आणि परावलंबन घटते, हे ऑस्ट्रेलियातल्या २०११ च्या अभ्यासाने दाखवले आहे.

हालचालीबाबत घाई करू नये. पहिल्या चोवीस तासांत लवकर आणि वारंवार उठवून चालवल्यास बरे होणे वेगवान होईल, अशी आशा 'अव्हर्ट' चाचणीत तपासली गेली. २०१५ मध्ये निष्कर्ष उलटा आला: चांगली सुधारणा झालेले रुग्ण या गटात ४६ टक्के होते, नेहमीच्या शुश्रूषेच्या गटात ५०. त्यामुळे पहिल्या दिवशी कूस बदलणे, लुळा हात उशीवर नीट ठेवणे आणि खांद्याला ओढून न उचलणे एवढे पुरे. खांदा एकदा निखळून दुखू लागला की पुढचे कित्येक आठवडे व्यायामच नकोसा होतो.

घरी आल्यावरचे तीन महिने

मेंदूची नव्याने शिकण्याची क्षमता झटक्यानंतरच्या काही महिन्यांत जास्त असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ७२ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात हाताचा जादा व्यायाम दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यावर दिला तेव्हा सर्वाधिक उपयोगी पडला. सहा महिन्यांनंतर दिलेल्या त्याच व्यायामाने तसा फरक पडला नाही. अभ्यास लहान आहे, पण रुग्ण घरी आल्यावर 'आधी अंगात ताकद येऊ दे, मग दिवाळीनंतर फिजिओथेरपी बघू' असे म्हणणाऱ्यांनी तो ध्यानात घ्यावा. व्यायाम कामाशी जोडलेला असावा: शेंगा सोलणे, कणीक मळणे, शर्टाचे बटण लावणे, तांब्या उचलून ठेवणे, आणि तेही दिवसातून अनेकदा. चांगल्या हाताने पटकन उरकण्याचा मोह घरच्यांनीच आवरायला हवा.

घरच्यांच्या मदतीची मर्यादाही भारतातच तपासली गेली आहे. १४ रुग्णालयांतल्या १२५० रुग्णांवरच्या 'अटेंड' चाचणीत नातेवाइकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून पुनर्वसन करून घेतले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्केच आढळले. यावरून मुलगा किंवा सून करते ते निरुपयोगी असे ठरत नाही. फिजिओथेरपिस्टची जागा त्यांच्याकडून भरून निघेल असे मानू नये, इतकेच. आठवड्यातून एकदा का होईना, तज्ज्ञांकडून व्यायाम बदलून घ्यावेत.

सुमारे एक तृतीयांश रुग्णांना नंतर नैराश्य येते. रुग्ण गप्प गप्प राहतो, व्यायाम टाळतो, आणि घरचे त्याला आळस समजतात. हे डॉक्टरांना सांगावे. मात्र फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचे औषध दिल्याने हातपाय लवकर सुधारतात ही आशा २०१८ ते २०२० मधल्या मोठ्या चाचण्यांत टिकली नाही, आणि हाड मोडण्याचे प्रमाण त्यात वाढलेले दिसले.

पुन्हा होऊ नये, आणि घरातल्या इतरांनाही होऊ नये

३२ देशांतल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले की सुमारे ९० टक्के पक्षाघातांचा संबंध बदलता येण्याजोग्या दहा कारणांशी जोडता येतो, आणि त्यांत एकट्या उच्च रक्तदाबाचा वाटा जवळपास निम्मा आहे. म्हणून घरात एक दंडावर बांधायचे रक्तदाबयंत्र असावे. चहा, मिसरी, तंबाखू यानंतर अर्धा तास जाऊ द्यावा, पाठ टेकवून पाच मिनिटे गप्प बसावे, दंड छातीच्या पातळीवर टेकलेला असावा, आणि मग एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करून पहिला दिवस वगळावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टरांना वही दाखवावी. गोळी सुरू झाल्यावर आकडा नीट आला म्हणून ती बंद करू नये. आकडा गोळीमुळेच नीट आलेला असतो.

छोट्या झटक्यानंतर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही गोळ्या एकत्र देतात, पण बहुधा २१ दिवसांपुरत्याच. चीनमधल्या २०१३ च्या चाचणीत त्यामुळे तीन महिन्यांतले पुन्हा झालेले झटके ११.७ टक्क्यांवरून ८.२ वर आले. त्यानंतर एक गोळी कधी बंद करायची, ही तारीख चिठ्ठीवर लिहून घ्यावी. दोन्ही गोळ्या वर्षभर चालू ठेवल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयाचे ठोके अनियमित असतील तर रक्त पातळ करणारी वेगळी औषधे लागतात. त्यांतली नवी औषधे बहुतेकांना सोयीची असली, तरी बालपणीच्या संधिवाताच्या तापामुळे झडप अरुंद झालेल्यांना जुनेच औषध अधिक चांगले, असे २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत दिसले. शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलून मागू नये.

राहिला मिठाचा प्रश्न. रोजच्या जेवणातला रस्सा, खरडा, लोणचे, पापड आणि वर ताटात वाढून घेतलेले मीठ, असा कोल्हापुरी हिशेब भराभर वाढतो. चीनमधल्या ६०० खेड्यांत नेहमीच्या मिठाऐवजी एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले मीठ दिले, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. ही चाचणी २०२१ ची आहे. आपल्याकडे असे कमी सोडियमचे मीठ मिळते. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे पोटॅशियम वाढत असेल, तर हे मीठ धोकादायक ठरते. म्हणून पाकीट आणण्याआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियमची रक्ततपासणी करून घ्यावी आणि घरातल्या ज्या सदस्याला ते चालत नाही त्याची भाजी वेगळी काढावी.